दाराजवळचा फुगा

आईचा डबा सोसायटीत राहणार की भंगारात जाणार, हा प्रश्न शेवटी त्याच्या अंगावरच्या पट्ट्यांवर येऊन ठेपला. चेअरमन स्वतः खाली उतरले, त्यांनी डब्याभोवती एक फेरी मारली, रंग उडालेल्या पट्टीचा एक पोपडा नखाने उचकटून पाहिला आणि मला म्हणाले, "ताई, माझं वैयक्तिक काहीच म्हणणं नाही. पण हे असं दिसत असताना मी मीटिंगमध्ये लोकांना काय सांगू? नवरात्रापूर्वी याला जरा रूप आणा. नाहीतर मग उचलावंच लागेल." माणूस सभ्य, शब्द मोजून बोलणारा, त्यामुळे भांडायची सोय नाही. अशा वेळी मला सभ्य माणसांचा फार राग येतो.

डबा म्हणजे जीपच्या मागे जोडून ओढत न्यायचं चाकांवरचं लहानसं घर. माझे बाबा घोडबंदर रोडवरच्या एका कारखान्यात फिटर होते. त्या कारखान्याने कधीकाळी साइटवरच्या इंजिनियर लोकांना राहायला हा डबा आणला होता, आणि मग वापर संपल्यावर भंगारात काढला. बाबांनी तो घरी आणला. पत्रा ठोकून सरळ केला, आत दोन बाकं बसवली, ती ओढली की बिछाने व्हायची. घडीचं टेबल, स्टोव्हची जागा, खिडक्यांना जाळी. हे सगळं त्यांनी अंगणातल्या जांभळाखाली बसून सुट्टीच्या दिवशी केलं. शहरातल्या लोकांनी त्याला कॅरव्हॅन म्हटलं असतं. आमच्या आळीने एकदा पाहिलं आणि 'डबा' म्हणून टाकलं, तेच नाव राहिलं.

तेव्हा बाळकुम गावच होतं. मागे आमची शेती, त्याच्या पलीकडे खाडीच्या अंगाला मिठागरं. काकांची जीप मागून आणायची, डबा जोडायचा आणि खडवलीला नदीवर जायचं, ही आमची चैन. बाबांना फार लांब जायची हौस होती, पार गोवा वगैरे. पण आईला दुपार उलटली की कोंबड्या आठवायच्या, म्हणून आम्ही खडवलीच्या पुढे फारसे कधी गेलोच नाही. नदीत डुंबून यायचं, आईने डब्यात भाजलेले बोंबील आणि तांदळाची भाकरी खायची आणि बाकावर लोळायचं. जगात याहून मोठी श्रीमंती असते हे मला बरीच वर्षं ठाऊक नव्हतं. ठाऊक झाल्यावरही विशेष फरक पडला नाही.

आता पट्ट्यांबद्दल. आमच्या घरात त्यावरून एक जुनं भांडण होतं, आणि ते मी आईच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की मला ते पाठ आहे.

आईचं माहेर खाडीकाठचं. तिकडे नवीन होडी पाण्यात घालायच्या आधी घरच्या बाईने हळद तेलात कालवून तिच्या अंगावर आपल्या उजव्या हाताचा थापा उमटवायचा, असा रिवाज होता. थापा असलेली होडी घराकडे परत येते, असं मानायचे. डबा तयार झाला तो दसऱ्याला. बाबांनी आदल्या दिवशी मलईच्या रंगाचा शेवटचा हात मारला होता आणि सगळ्यांना दम दिला होता की संध्याकाळपर्यंत कुणी बोट लावायचं नाही. आता दसऱ्याची पूजा काय संध्याकाळपर्यंत थांबते? बाबा झेंडूची फुलं आणायला टेंभी नाक्यापर्यंत गेलेले. आईने सकाळीच आंघोळ केली, हळद तेलात कालवली आणि दाराच्या शेजारी, चांगला जोर देऊन, थापा मारला. रंग वरून वाळल्यासारखा दिसत होता, आतून ओलाच होता. हात रुतला.

बाबा परत आले, त्यांनी ते पाहिलं आणि ते ओरडले. ते एरवी ओरडणारे नव्हते, म्हणून सगळी आळी बाहेर आली. "महिनाभराच्या कामाची वाट लावलीस! रंग कळतो का तुला?" असं काहीतरी. मी तेव्हा दुसरी-तिसरीत असेन. मला शब्द नीट आठवत नाहीत, पण आई मोरीवर बसून हात धूत होती आणि हळद निघून गेली तरी धूतच होती, ते आठवतं.

दोन-तीन दिवसांनी बाबांनी डब्याला दोन्ही बाजूंनी, गाड्यांवर चिकटवतात तसले, रंगीत पट्टे लावले. सगळ्यात वर पिवळा, बारीक. मध्ये केशरी. खाली चॉकलेटी, चांगला वीतभर रुंद. दाराशेजारी जिथे आईचा हात पडला होता तिथून केशरी आणि चॉकलेटी पट्टा गेला. बाबा आईला म्हणाले, "झालं. आता दिसत नाही." एवढंच.

आईने त्याचा अर्थ असा लावला की नवऱ्याने तिचा थापा घासून काढला, वर पुट्टी भरली आणि पट्टा मारला. हे तिने पुढे आयुष्यभर त्यांना ऐकवलं. भाजी खारट झाली म्हणून बाबा काही बोलले की, "माजा हात तुमाला चालत नाय, ठाव हाय मना." डबा वाटेत पंक्चर झाला की, "थापा घासलाव ना, आता भोगा." बाबा मान खाली घालून हसायचे आणि जॅक लावायला बसायचे. उत्तर कधी द्यायचे नाहीत.

आणि त्या पट्ट्यात एक फुगा होता. दाराच्या डाव्या बाजूला, चॉकलेटी पट्ट्याखाली, उंचवट्यासारखा. मी आत चढताना त्याच्यावरून बोट फिरवून चढायचे. बाबांना पट्ट्यात हवा राहिलेली अजिबात खपायची नाही. ते सुई घेऊन डब्याभोवती फिरायचे आणि बारीकसारीक फुगे टोचून, अंगठ्याने दाबून, सपाट करायचे. एकदा मीही मदत म्हणून टाचणी घेऊन त्या मोठ्या फुग्याकडे गेले, तर त्यांनी माझं मनगट धरलं. "तो राहू दे," म्हणाले. का, ते विचारायचं मला सुचलं नाही. माझ्या भावाचं मत असं की बाबांनी तिथली पुट्टी नीट घासली नाही आणि चूक कबूल करायची त्यांना लाज वाटत होती. दादाला लहानपणापासून सगळ्याचं कारण माहीत असतं.

बाबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्याआधीच शेत बिल्डरकडे गेलं, घर गेलं, आणि त्या जागी टॉवर उभे राहिले. आम्हाला त्यात फ्लॅट मिळाले. अंगणातलं जांभूळ मात्र कसं कोण जाणे वाचलं, कंपाउंडच्या कोपऱ्यात, आणि त्याच्याखाली डबाही वाचला. दादा, वहिनी आणि आई पहिल्या मजल्यावर राहतात. मी लग्न होऊन डोंबिवलीला गेले ती तिथलीच झाले. रविवारी बाळकुमला येते.

आईला फ्लॅट आवडत नाही असं ती कधी म्हणत नाही. जेवण झालं की ती फक्त कठडा धरत खाली उतरते, डब्याचं दार उघडते आणि पायरीवर बसते. तिथून पूर्वी आमची विहीर दिसायची. आता पार्किंग दिसतं. ती बघते मात्र अशी की तिला विहीर दिसत असावी. तिच्याबरोबरच्या दोघी-तिघी म्हाताऱ्या इतर विंगांतून येतात, त्यांचं बोलणं चालतं, लसूण सोलला जातो. ऊन असलं की डब्याच्या टपावर सुपात बोंबील वाळतात. माणूस म्हणून माझी आई दिवसातून जेवढा वेळ जिवंत दिसते, तो सगळा वेळ त्या पायरीवरचा असतो. वर ती सोफ्याच्या कडेला पाहुण्यासारखी बसते.

सोसायटीत आता तऱ्हेतऱ्हेचे लोक आहेत. कुणी कोकणातले, कुणी देशावरचे, बरेच आणखी लांबचे. त्यांना डब्याचा इतिहास माहीत असायचं कारण नाही. त्यांना दिसतो तो बसक्या टायरांचा, उडालेल्या रंगाचा पत्रा, आणि येतो तो बोंबलांचा वास. शिवाय या वर्षी गरबा खालीच करायचा ठरलेला, आणि मांडवाला जांभळाचा कोपरा सोयीचा. मला त्यांचंही अगदीच चूक वाटत नव्हतं, आणि त्यामुळे जास्तच चिडचिड होत होती.

दादा सोसायटीच्या बाजूने. "अगं, किती दिवस सांभाळायचा? टायर गेलेत, तळाला गंज आहे. लोक मला लिफ्टमध्ये टोमणे मारतात." त्याचंही बरोबर, लिफ्टमधून रोज त्यालाच जावं लागतं.

पण मला खरं लागलं ते आईचं बोलणं. मी तावातावाने तिची बाजू मांडत होते तर ती म्हणाली, "जावदे ना बाय, नेतील तर नेवदे. मी काय आता किती दिस. आनि डबा तुज्या बापसाचा. माजा हात त्याला लागलेला त्यांना चालला नाय, तिथं मी कनाला हक्क सांगू?"

इतक्या वर्षांत मी हे हसण्यावारी ऐकत आलेले. त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की ती कधीच गंमत करत नव्हती. मी दादाला सांगितलं, "पट्टे मी बदलते. नवरात्राच्या आत. नंतर काय ते बघू."

"तू?"

"हो, मी. तू फक्त वरून वायर सोड."

त्याने कपाळाला हात लावला, पण बाल्कनीतून एक्स्टेन्शनची वायर सोडली.

जुने पट्टे काढणं म्हणजे काय असतं ते ज्याने केलंय त्यालाच विचारावं. मला वाटलेलं, एक टोक धरायचं आणि सोलत जायचं. इतकी वर्षं उन्हात राहून ते पट्टे पापडासारखे झाले होते. टोक धरलं की नखाएवढा तुकडा हातात यायचा आणि बाकीचा जागच्या जागी. मग मी माझ्या लेकीचा हेअर ड्रायर आणला. एका वेळी हातभर जागा तापवायची, जुनं एटीएम कार्ड आडवं धरून हळूहळू सरकवत न्यायचं, आणि उचकटलेला भाग जवळजवळ दुमडून मागे ओढायचा. घाईने सरळ बाहेर ओढला तर रंगाची साल निघते. हे मी दोनदा साल काढून शिकले. पट्टा गेला तरी गोंद राहायचा, काळपट, चिकट. थिनरची बाटली आणलेली, पण त्याने खालचा रंगच निघायला लागला. मग आईनेच खोबरेल तेलाची वाटी पाठवली. तेल चोळून ठेवायचं, चहा प्यायचा, मग फडक्याने पुसायचं. डब्याला त्या दिवसांत सणाच्या आंघोळीचा वास येत होता.

आधी मी मागची, भिंतीकडची बाजू घेतली. चुकलं तरी कुणाला दिसणार नाही. पट्टे निघाल्यावर त्यांच्या जागी तीन पट्टे पुन्हा दिसायला लागले, म्हणजे खालचा मलईचा रंग. बाकीचा डबा उन्हाने पांढुरका, पिठासारखा झाला होता आणि पट्ट्याखालचा तेवढा रंग कालच मारल्यासारखा गुळगुळीत. मी तिथे हात लावून उभी राहिले. बाबांनी शेवटचा हात मारला तेव्हाचा तो रंग. मग वरून दादा ओरडला की ड्रायर चालू ठेवून बघत काय बसलीयस, बिल कोण भरणार, आणि मी पुन्हा कामाला लागले.

नवे पट्टे कल्याणला मिळाले. गाड्यांवर नावं, देव आणि पट्ट्या कापून देणाऱ्या दुकानांना आपल्याकडे रेडियमवाले म्हणतात, तसल्या एका दुकानात. दादाचा आग्रह काळा आणि चंदेरी घे, मॉडर्न दिसेल. मी खिडकीच्या रबराखाली सापडलेला जुन्या पट्ट्याचा एक तुकडा रुमालात बांधून नेला, कारण तिथे ऊन पोचलं नव्हतं आणि खरे रंग तेवढ्यात उरले होते. केशरी बघून मीच चपापले. आमचा डबा इतका भडक होता? बाबांसारख्या साध्या कपड्यांच्या माणसाने इतका भडक केशरी निवडला होता? दुकानदाराने तस्साच काढून दिला.

तोवर पितृपक्ष लागला. वहिनी म्हणाली, पक्षात नवीन काही करू नये. ती चुकीचं बोलत नव्हती, आमच्याकडे पाळतात. मी आईकडे बघितलं. आई म्हणाली, "तिच्याच बापसाचं काम हाय. पक्षात नाय करायचा तर कदी करायचा? करूं दे तिला."

मागची बाजू झाली. साबणाच्या पाण्याचा फवारा मारायचा, पट्टी वर धरून सरकवत जागेवर आणायची, मग कार्डाला फडकं गुंडाळून मधून कडेकडे पाणी आणि हवा हाकलत न्यायची. जुन्या खुणा असल्यामुळे रेघ चुकायची भीती नव्हती. तरी दोन ठिकाणी फुगे राहिले, ते मी सुईने टोचले. सुई हातात घेतली तेव्हा माझा अंगठा बाबांसारखाच वाकडा पडतोय असं मला वाटलं. असेलही. आमच्याकडे अंगठे सगळ्यांचे तसेच आहेत.

दाराची बाजू मी शेवटी ठेवली होती, कारण तिथे पायरीवर आई असायची. त्या रविवारी ती बाजूच्या खुर्चीत बसली, मांडीवर लसणाचं सूप. मी पिवळा पट्टा काढला, केशरी काढायला लागले. फुग्याच्या वर आले. म्हटलं, आता दादाची ती पुट्टी दिसेल. ड्रायर धरला, कार्ड सरकवलं आणि पट्टा दुमडून मागे घेतला, तर त्याच्या पाठीवर गोंदात पिवळे डाग. मला वाटलं गंज. पत्रा खाल्लेला असणार, आता सगळंच गेलं, अशी धडकी भरली. मग पत्र्याकडे बघितलं.

बोटांची टोकं होती. चार, शेजारी शेजारी.

मी ड्रायर खाली ठेवला. खालचा चॉकलेटी पट्टा मी जितका सावकाश काढला तितकं सावकाश आयुष्यात दुसरं काही केलेलं नाही. बोटं, अंगठा, तळवा. ओल्या रंगात हात रुतून कडेने रंगाचा बारीक कठडा उभा राहिला होता, तोच आमचा फुगा. तळव्याच्या मधल्या रेषासुद्धा होत्या. आणि आत हळद. पिवळी. जुनी, विटलेली वगैरे नाही, चांगली पिवळी.

कुणी काही घासलं नव्हतं. पुट्टीचा कणही नव्हता. ज्या माणसाला पट्ट्यातली डोळ्यालाही न दिसणारी हवा खपत नव्हती, त्याने हा उंचवटा तसाच ठेवून त्याच्यावर पट्टा लावला होता, आणि जन्मभर कुणाला तिथे सुई लावू दिली नव्हती.

"काय गो, काय झाला?" आईने विचारलं.

मी बाजूला झाले.

ती उठली. जवळ आली, डोळ्यांना त्रास होतो म्हणून अगदी जवळ. मग तिने उजवा हात उचलला आणि त्या हातावर ठेवायला गेली. बोटं सरळ होईनात. संधिवाताने ती आता आत वळली आहेत. तळवा टेकला, बोटांची टोकं मात्र खुणेपर्यंत पोचेनात. तिने डाव्या हाताने एकेक बोट दाबून सरळ करून पाहिलं. करंगळी तेवढी बसली.

"घासला नाय त्यांनी," ती म्हणाली.

"नाही गं."

"घासला नाय." आणि मग ती जी भडकली! "मग बोलले का नाय मना? एवढी वर्सं मी बोलतंय, बोलतंय, नि हा मानूस खाली मान घालून हसतंय! मेल्या, तोंड नव्हता का तुला? एक सबुद बोलला असता तर काय झाला असता?" बाबांना तिने उभ्या आयुष्यात कधी अरेतुरे केलं नव्हतं. पितृपक्षात, भर दुपारी, पार्किंगमध्ये तिने त्यांची अशी खरडपट्टी काढली की दोन मजल्यांवरच्या बाल्कन्या भरल्या. मग ती पायरीवर बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. मीही रडले. मला लाज वाटली नाही.

दादा खाली आला. त्याने बघितलं आणि पुट्टीचा विषय काढला नाही, त्याबद्दल मी त्याला बरंच काही माफ केलं. उलट तोच एकदम पेटला. "हे उघडंच ठेवू. रेडियमवाल्याकडून पट्टा गोल कापून घेऊ, वरून काच बसवू, एक छोटा लाइट देऊ. लोकांना दिसू दे ना!" मलाही ते पटलं. इतकी वर्षं झाकलेलं होतं, आता तरी जगाला दिसावं. चेअरमननी बघावं. लिफ्टमधल्या टोमणेवाल्यांनी बघावं.

आईने डोळे पुसले. "हलदीचा डाग उन्हात ऱ्हातो का रे? साडीला हलद लागली तर काय करतू आपन? उन्हात टाकतू. दोन दिसात जाते." ती त्या हाताकडे बघत होती. "पट्ट्याखाली व्हता म्हनून ऱ्हायला. झाक, बाय. त्यांनी झाकलेला तसाच झाक."

बाबांना हे ठाऊक होतं का, की फक्त बायकोवर आळीसमोर ओरडलो याची लाज झाकायला त्यांनी पट्टा लावला, हे मला सांगता येत नाही. मी पुष्कळ विचार केला. आईने केला नाही. तिचं तिला कळलं होतं.

मी त्या जागेला खोबरेल लावलं नाही, साबणाचं पाणीही नाही. कोरडाच पट्टा घेतला, आधी केशरी, मग चॉकलेटी. दोन्ही बाजूंनी कार्डाने दाबत आणले, आणि हाताच्या खुणेपाशी कार्ड बाजूला ठेवून नुसत्या बोटांनी कडेकडेने बसवले. आई शेजारी उभी राहून प्रत्येक बोटागणिक "हलू, हलू" म्हणत होती.

घटस्थापनेच्या आदल्या संध्याकाळी चेअरमन पाहायला आले. दादाने टायर भरून घेतले होते, डबा पुसून लख्ख केला होता. मावळतीचं ऊन केशरी पट्ट्यावर पडलं होतं आणि डबा खरोखरच खडवलीला निघाल्यासारखा दिसत होता. आई पायरीवर बसली होती, नेसूचं चांगलं लुगडं, केसात अबोली. या वेळी ती मला पुढे करून गप्प बसली नाही.

"बसा," ती चेअरमनना म्हणाली, घरी आलेल्या माणसाला म्हणावं तसं. "डबा हितंच ऱ्हानार हाय. मांडव तुमी तिकडून घ्या, गेटाच्या बाजूनी. जागा हाय."

"काकू, रूप तर छानच आलंय," चेअरमन म्हणाले. "मी मीटिंगमध्ये सांगतो, कुणी आता हरकत घेईल असं वाटत नाही. फक्त ते बोंबील..."

"नवरात्रात नाय वालत घालनार."

"आणि नंतर?"

"नंतरचा नंतर बगू."

ते हसले. खुर्चीतून उठून त्यांनी पुन्हा डब्याभोवती फेरी मारली, कौतुकाने, पट्ट्यावरून हात फिरवत. दाराशी आल्यावर त्यांचा हात थांबला. चष्मा वर करून त्यांनी वाकून बघितलं.

"बाकी काम अगदी सफाईदार झालंय हो ताई. एवढा एक फुगा राहिलाय तुमचा. सुई असेल तर टोचून टाकू?"

मी काही बोलायच्या आत आईने हात पुढे करून त्याच्यावर ठेवला. वाकड्या बोटांचा, जेवढा उघडतो तेवढा.

"तो राहू दे," ती म्हणाली.